ओढ्यातली शिट्टी

माणूस गेल्यावर त्याची शिट्टी मागे राहते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण लेक आली आणि दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, जंगलात बाबांची शिट्टी ऐकू येते म्हणे."

"कोण म्हणे?"

"ऑफिसातली एकजण मुलांना घेऊन फिरायला गेली होती. कसला तरी पक्षी आहे, आवाजांची नक्कल करतो. तिथल्या माणसाने सांगितलं, ही आमच्या एका मार्गदर्शकाची शिट्टी, ते आता नाहीत." एवढं बोलून ती रडायलाच लागली. मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी बसले. मला रडू आलं नाही. मला ती शिट्टी ऐकायची होती, बस्स.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून शहराबाहेरच्या राखीव जंगलात स्वयंसेवक मार्गदर्शक होते. शाळेची मुलं, कंपन्यांची माणसं, कुणीही येवो, त्यांना पायवाटेने फिरवायचं, झाडं दाखवायची, कचरा टाकू नका म्हणून हात जोडायचे. सगळं फुकट. घरातला दिवा बदलायला सांगितलं तर आठवडा लावणारा हा माणूस तिथे उजाडायच्या आत जाऊन पायवाट झाडायचा. मी चिडायचे. "लग्न माझ्याशी केलंत की त्या झाडांशी?" म्हणायचे. ते हसायचे आणि टोपी शोधायचे.

त्यांची शिट्टी म्हणजे सगळ्या इमारतीला वैताग होता. खालच्या फाटकाशी आले की तोंडाने वाजवायची. आधी एक लांब सूर, मग तिथून वर चढणारा दुसरा. म्हणजे मी आलोय, पिशव्या घ्यायला खाली ये. "मी काय कुत्री आहे का शिट्टीला धावत यायला?" असं मी किती वेळा विचारलं असेल. आणि तरी गॅलरीतून मीच ओरडायचे, "आले, आले! गाव गोळा करताय का?" आमची लिफ्ट बंद असायची. मी खाली उतरायच्या आतच हे जिने चढून वर यायचे आणि मुद्दाम दारातून पुन्हा वाजवायचे. पण दम लागलेला असायचा, त्यामुळे वरचा सूर लागायचाच नाही. पहिला सूर अर्धवट, पुढे नुसती हवा. मग थांबून पुन्हा तेच. "सायकल पंक्चर झाली वाटतं," मी दार उघडता उघडता म्हणायचे.

तर असे हे एका दिवशी त्या जंगलातल्या ओढ्याच्या घळीत पडले आणि गेले. त्या दिवशी त्यांची पाळीही नव्हती. घळीत नायलॉनची जाळी अडकली होती, तिच्यात पाखरं सापडत होती, ती काढायला एकटेच गेले. कुणाला सांगितलं नाही. अंधार पडला तरी आले नाहीत तेव्हा मी भाऊजींना फोन केला. भाऊजी म्हणजे ह्यांचे मित्र, ह्यांच्यापेक्षा लहान म्हणून मी भाऊजी म्हणते. तिथल्या मार्गदर्शकांचे प्रमुख तेच. ते तडक घळीपाशीच गेले आणि ह्यांना शोधून काढलं. घरी सांगायलाही तेच आले. "डॉक्टर म्हणाले वहिनी, पडले तिथेच, क्षणात. काही कळलंसुद्धा नसेल त्यांना." त्या एका वाक्यावर मी पुढचे सगळे दिवस काढले. रात्री जाग आली की ते वाक्य मनात म्हणायचे आणि झोपायचे. मी भाऊजींचे आभारही मानले होते.

आता मी जंगलातल्या मार्गदर्शकांच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला मार्गदर्शक व्हायचंय, तर भाऊजींचा चेहरा पांढरा पडला.

"वहिनी, हे तुम्हाला झेपायचं नाही. चढउतार आहे, पायांना त्रास होईल."

"पाय तुमचे दुखतात, माझे नाहीत."

"तुम्हाला पक्ष्यांची आवड कुठे होती?"

"नाही ना. म्हणून तर शिकायला आले."

खोली पत्र्याची. भिंतीवर पायवाटेचा नकाशा, बरणीत पिसं, फळीवर जुन्या दुर्बिणी, खुंटीवर टोप्या. एक टोपी ह्यांची होती, कुणी काढलीच नव्हती. मी ती उचलली आणि डोक्यावर घातली. मोठी झाली, पण घातली.

खोटं कशाला बोलू, पर्यावरण, जनजागृती वगैरे सगळं माझ्यासाठी नंतरचं होतं. मला फक्त एकदा ती शिट्टी ऐकायची होती. पण शिकताना मजा येऊ लागली, आणि तेही खरंच सांगते. पडलेलं झाड उचलायचं नसतं, त्यात किती जीव राहतात. वेफरच्या पाकिटाचा नुसता आवाज झाला तरी हरणं दूर जातात. मोबाइलवर गाणी लावून आलेल्या लोकांना गप्प कसं करायचं, यात तर मला शिकवायला कुणी नव्हतंच. एका टोळक्याला मी असं झाडलं की बिचाऱ्यांनी दुसऱ्यांचा कचरासुद्धा उचलून नेला. "वहिनींना फलकाच्या जागी उभं करा," असं बाकीचे म्हणायचे. आयुष्यभर तोंडाळ म्हणून बोलणी खाल्ली, इथे तेच कामाला आलं.

त्या पक्ष्याचा धडाही भाऊजींनीच घेतला. भृंगराज. काळा कुळकुळीत, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे चमचे. तिथले सगळे त्याला नकल्या म्हणतात. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो, माकडाचा काढतो, माणसाची शिट्टीही सोडत नाही. "पण एकदा ऐकून तो शिकत नाही," भाऊजी म्हणाले. "त्याच्या हद्दीत, जवळून, पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. मगच त्याच्या गळ्यात बसतं." मी ते पाठ केलं. नवी विद्यार्थिनी ना मी.

तळ्याच्या काठी मला ती पहिल्यांदा ऐकू आली. सकाळची वेळ, आम्ही चार शिकाऊ आणि भाऊजी. डोक्यावरच्या फांदीतून लांब सूर आला आणि तिथून अलगद वर चढला. माझ्या हातातली दुर्बीण गळ्याच्या पट्ट्यावर लोंबकळली. हे फाटकाशी आले होते. शपथेवर सांगते, मला पिशव्यासुद्धा दिसल्या. काळजाचं पाणी पाणी झालं आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी तोंड उघडलंच होतं "आले, आले" म्हणायला. इतक्यात आमच्यातल्या एका पोरसवदा शिकाऊने गंमत म्हणून तशीच शिट्टी उलट वाजवली.

भाऊजी त्याच्या अंगावर धावून गेले. "उत्तर द्यायचं नाही! कितीदा सांगितलं, उत्तर द्यायचं नाही!" तो मुलगा मागे सरकून चिखलात बसला. भाऊजींचे ओठ थरथरत होते. मग स्वतःला सावरून ते म्हणाले, विणीचा हंगाम आहे, आपण उत्तर दिलं की नराला वाटतं दुसरा नर आला, तो घरटं सोडून भांडायला येतो, पिल्लं उघडी पडतात. बरोबरच होतं ते. पण घरट्यासाठी कुणी एवढं थरथरतं का, हा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

त्यानंतर मी घरी नीट झोपले नाही. फाटक वाजलं की गॅलरीत जायचे. शेजारचा पेपरवाला नाहीतर कुणाचा पाहुणा असायचा. लेक म्हणाली, "आई, तू तिथे जाणं बंद कर." मी म्हटलं, "का? एवढ्या दिवसांनी घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतंय."

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. नकाशावर पायवाट बांबूच्या वळणापुढे ओढ्याच्या कडेने जाते आणि फिरून खोलीशी येते. पण भाऊजी दर वेळी बांबूपाशी थांबायचे, गुडघा चोळायचे आणि गटाला मागे वळवायचे. मला वाटायचं, गुडघे खरंच गेलेत आणि मित्राची जागा बघवत नाही. मीही आग्रह केला नाही. मलाही कुठे बघायची होती?

पण तिथली पद्धत अशी की स्वतःचा पहिला गट नेण्याआधी मार्गदर्शकाने सगळी वाट एकट्याने चालायची. कुठे दगड सुटलाय, कुठे मधमाश्या बसल्यात, सगळं डोळ्यांखालून घालायचं. माझी पाळी आली. भाऊजी म्हणाले, "तुम्ही तळ्यापर्यंत जाऊन या, पुरे." मी म्हटलं, "नियम तुम्हीच केलाय ना?" आणि निघाले.

बांबूच्या पुढे ऊन खाली पोचतच नाही. ओल्या पानांचा वास, खाली ओढ्याची बारीक खळखळ. वाटेच्या एका बाजूला कठडा लावलाय, नवा, ह्यांच्यानंतर लावलेला. मी त्याला धरून खाली बघितलं. दगड, शेवाळ आणि एका फांदीला अजून अडकलेली निळ्या जाळीची चिंधी. हात जोडावेत की काय करावं ते सुचेना. तेवढ्यात खालून शिट्टी आली.

पहिला सूर अर्धवट. पुढे नुसती हवा. मग थांबून पुन्हा तेच.

मला आधी हसू आलं. देवाशपथ. सायकल पंक्चर झाली वाटतं, हे शब्द तोंडात आलेसुद्धा. आणि मग मी कठडा धरून खाली बसले. तळ्याकाठच्या पक्ष्याने पूर्ण शिट्टी उचलली होती, कारण तिथे हे रोज धडधाकट उभे राहून वाजवायचे. हा घळीतला पक्षी वेगळा. ह्याने दम तुटलेली शिट्टी उचलली होती. ती जंगलात कुणी कधी ऐकलेली नव्हती. ती फक्त माझ्या दारात वाजायची.

आणि एकदा ऐकून तो शिकत नाही.

तो पुन्हा वाजवत होता. अर्धा सूर, हवा, थांबणं. समोरच्या फांदीवर बसला होता, तुरा हलवत, शेपटीचे चमचे झुलवत, मजेत. कितीदा वाजवली असेल ह्यांनी? क्षणात, काही कळलंसुद्धा नसेल. ते वाक्य मी मनात म्हणून बघितलं. पक्षी वाजवत होता, वाक्य पुरं होईना.

खोलीत परत आले तेव्हा भाऊजी एकटेच दुर्बिणी पुसत बसले होते. माझा चेहरा बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"तुम्ही ओढ्यापर्यंत गेलात."

"भाऊजी, हे पडल्या पडल्या गेले नाहीत."

माझा आवाज चढला. "मी फोन केला तर तुम्ही तडक घळीत गेलात. एवढं मोठं जंगल, तळं आहे, टेकडी आहे, आणि तुम्ही बरोबर तिथेच कसे गेलात? मी तुमचे पाय धरायचे बाकी ठेवले होते त्याबद्दल!"

"वहिनी, बसा."

"नाही बसत. बोला."

मग ते बोलले, खाली फरशीकडे बघत. त्या दुपारी ते शाळेचा एक गट घेऊन त्याच वाटेने चालले होते. खालून शिट्टी आली. तळ्याकाठचा पक्षी ह्यांची नक्कल करतो हे तेव्हा सगळ्यांना माहीत झालं होतं, चेष्टेचा विषय होता तो. मुलांनी विचारलं, कोण वाजवतंय? भाऊजी म्हणाले, तो नकल्या, आमच्या मित्राची नक्कल करतो, फसू नका.

"मग?"

"मग मुलांनी उत्तर दिलं."

मी टेबलाचा कोपरा धरला.

"सगळ्यांनी मिळून शिट्ट्या मारल्या. खालून परत आली. मुलांना मजा वाटली, पुन्हा मारल्या. मीही मारली, वहिनी. आम्ही तिथे खाऊ खाल्ला. तेवढा सगळा वेळ खेळ चालला होता. ते वाजवायचे, आम्ही उत्तर द्यायचो. नंतर खालचा आवाज बसत गेला. मी मुलांना म्हटलं, दमला बघा पक्षी. मग बस आली." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गळू दिलं. "संध्याकाळी तुमचा फोन आला, तेव्हा कळलं मला. त्यांना वाटलं असेल, आम्ही ऐकलंय. आम्ही येतोय. असंच वाटलं असेल ना?"

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच. टेबलावरची दुर्बीण उचलून डोक्यात घालावी असं वाटलं. मी म्हटलं, "तोंड बघायची इच्छा नाही तुमचं," आणि टोपी तशीच डोक्यावर घेऊन घरी आले. लेकीला सांगितलं नाही. तिच्याजवळ ते एक वाक्य आहे, ते तिच्याकडेच राहू दे. मी मात्र गॅलरीचं दार लावून घेतलं, खिडक्या लावल्या, कानात कापूस घातला. तरी ते येतच होते. अर्धा सूर, हवा, थांबणं. आणि वरून मुलं हसतायत.

किती दिवस गेले मोजले नाहीत. एका सकाळी भांडी घासताना मनात आलं की आज कुठला तरी गट तिथून जात असेल. खालून आवाज येईल, कुणीतरी विचारेल, कोण आहे? आणि नवा शिकलेला कुणीतरी हसून सांगेल, पक्षी आहे. हात साबणाचेच होते, तशीच उठले.

खोलीत भाऊजी होते. मी म्हटलं, "तुमच्याशी बोलायला आले नाही. माझा पहिला गट कधी आहे ते सांगा."

गट शाळेचा होता. बरोबर एक शिक्षिका, आणि मागे काठी टेकत, लंगडत भाऊजी, मी बोलावलं नव्हतं तरी. मुलांना मी पडलेलं झाड दाखवलं, वाळवीचं घर दाखवलं, पाकिटं खिशात टाकायला लावली. एकाने पान तोडलं तर त्याला विचारलं, "तुझे केस उपटू का?" सगळी हसली. बांबूचं वळण आलं. भाऊजी गुडघा चोळत थांबले. मी पुढे चालत राहिले, मुलं माझ्यामागे आली. जरा वेळाने भाऊजींची काठी मागून वाजायला लागली.

कठड्यापाशी खालून शिट्टी आली.

"काकू, कोण आहे?" पुढच्या दोन वेण्यांवालीने विचारलं.

"शिट्टी मारा रे!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोनचार ओठ गोल झालेसुद्धा.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "सगळे खाली बसा. मी बघून येते."

शिक्षिका म्हणाली, "अहो, पक्षी आहे ना तो? फलकावर लिहिलंय."

"असेल. बघून येते."

घळीत उतरायला कडेने पायऱ्यांसारखे दगड आहेत. शेवाळावर हात टेकत, बसत, सरकत मी उतरले. वर बघितलं तर भाऊजी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते, गुडघे असते तर तेही उतरले असते असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी नजर फिरवली नाही, एवढंच केलं. त्याहून जास्त मला अजून जमत नाही.

तळाशी कुणी नव्हतं. ओढा, दगड आणि समोरच्या फांदीवर तो. माझ्याकडे मान तिरकी करून बघत होता. अर्धा सूर काढला, थांबला.

"आले हो, आले," मी म्हटलं. "गाव गोळा करताय का?"

तो उडून गेला. मी तिथल्या सपाट दगडावर बसले. हाच तो दगड असेल, नसेलही. निळ्या जाळीची चिंधी हाताला येत होती, ती सोडवली आणि पदरात बांधली. मग मनसोक्त रडले, आवाज न करता, कारण वर मुलं होती.

आणि वरचं सगळं खाली ऐकू येत होतं. अगदी एकेक शब्द. वहीचं पान फाटल्याचं, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडल्याचंसुद्धा. मला ते आधी माहीत नव्हतं.

"पक्षीच आहे ना?" एक मुलगा म्हणत होता. "मग काकू कशाला गेल्या?"

"पक्षीच असेल," दोन वेण्यांवालीचा आवाज आला. "पण काकू बघायला गेल्यात."